धुरा कुठे घालायचा?

ताई,

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावातून लिहितो आहे. पॉलिटेक्निक झाल्यावर आम्ही चौघांनी कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर बनवलं. मी, माझी चुलत बहीण, वर्गातला एक मित्र, आणि आणखी एक मित्र जो आता पुण्यात नोकरीला आहे आणि शनिवार-रविवारी आमचं काम करतो. तीन जिनिंगवर आणि एका शेतकरी उत्पादक कंपनीत ते चालतं.

गिटहबवर आमचे सहा रेपो आहेत, म्हणजे गिट या साधनानं बदलांच्या इतिहासासकट जपलेले कोडचे सहा साठे. वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम सी शार्पमध्ये, सर्व्हर पायथनमध्ये, शेतकऱ्यांचं मोबाइल ॲप फ्लटरमध्ये, ऑफिसचं वेबपेज, पावत्या आणि रिपोर्टचं काम, आणि 'कॉमन' नावाची लायब्ररी. सगळं वेगवेगळं ठेवायचं हे पुण्याच्या मित्राचं म्हणणं होतं. मोठ्या कंपन्यांत असंच असतं म्हणे.

मागच्या हंगामात ओलाव्याच्या कटतीचा नियम बदलला. ८ टक्क्यांच्या वर जेवढा ओलावा, तेवढे टक्के दर कमी. आधी पूर्ण टक्केच धरायचो, मग दशांशासकट धरायचं ठरलं. काट्यावर बदल केला, सर्व्हरवर केला, ॲपमध्ये राहून गेला. एका काकांचा १४ क्विंटल कापूस आला. ओलावा १०.४, दर ८,११०. पावतीवर चुकारा १,१०,८१५ रुपये, त्यांच्या मोबाइलवर १,११,२६९. ते चार माणसं घेऊन जिनिंगवर आले, 'माझे ४५४ रुपये कोणी खाल्ले' म्हणून. सगळ्यांसमोर माझी मान खाली गेली.

आता बहीण म्हणते, सगळं एका रेपोत आणू. पुण्याचा मित्र म्हणतो, त्यानं गोंधळ वाढेल, आणि गावच्या नेटवर एवढा मोठा रेपो क्लोनच होणार नाही, म्हणजे त्याची पूर्ण प्रत उतरणार नाही. शिवाय नागपूरचे एक जण काट्याच्या इंडिकेटरमधून वजन वाचायचा भाग लिहून देणार आहेत. त्यांना आमचा सगळा कोड दाखवायचा नाही. काय करावं, सुचून नाही राहिलं.

— एक वाचक, जि. यवतमाळ

प्रिय भाऊ,

ताई म्हणून हक्कानं लिहिलंस, म्हणून मीही अरे-तुरेनंच उत्तर देते. आधी निकाल सांगते, मग कारणं. तुझ्या बहिणीचं बरोबर आहे. सहाही रेपो एकत्र आणा. नागपूरच्या गृहस्थांचं काम तेवढं वेगळ्या रेपोत राहू द्या. नेटची अडचण खरी आहे, पण तिला उपाय आहे. मात्र एक गोष्ट मनाशी पक्की धर: रेपो आधीपासून एकत्र असते, तरी तेवढ्यानं काकांच्या मोबाइलवर बरोबर आकडा आला असता असं नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. घाईत असशील तर बाकीचं सोड, तेवढं वाच.

आपल्याकडे भावाभावांत वावराची वाटणी झाली की मधे धुरा, म्हणजे बांध, येतो. धुरा स्वतःच जमीन खातो. त्याच्या दोन्ही अंगांनी वखर वळवावा लागतो, तास तुटतात, सगळ्यात जास्त गवत धुऱ्यावरच माजतं, आणि आतल्या वावरात जायला पांदण सोडावी लागते ती वेगळीच. ज्या भावांचे संसार वेगळे झाले त्यांना हे सोसावंच लागतं, आणि ते योग्यही आहे. पण चौघं एकाच चुलीवर जेवतात, एकाच बैलजोडीनं सगळं वावर वाहतात, तर मधे पाच धुरे कशाला? तुमचे सहा रेपो म्हणजे पाच धुरे. प्रत्येक रेपोला बिल्डची (कोडमधून चालता प्रोग्रॅम बनवायची) वेगळी फाइल, वेगळ्या टेस्ट (आपोआप चालणाऱ्या तपासण्या), वेगळे पासवर्ड, वेगळे व्हर्जन नंबर. कटतीचा एक नियम बदलायचा तर तीन-चार ठिकाणी ब्रँच (बदलासाठी वेगळी फांदी) काढा, तीन-चार पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्यायच्या विनंत्या) तपासा, आणि कोणती आधी मर्ज करायची, म्हणजे मूळ कोडात मिसळायची, ते डोक्यात ठेवा. माणसं चार, त्यातलं एक फक्त शनिवार-रविवारचं. मान खाली गेली असं तू लिहिलंस, पण मला त्यात तुझा निष्काळजीपणा दिसला नाही. एका कामाचे चार तुकडे केले की ऐन हंगामात, रात्री अकराला, त्यातला एखादा सुटतोच.

माझ्या शब्दावर जाऊ नको, स्वतः तपासून बघ. मागच्या हंगामातली तीसेक कामं काढ, कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांच्या) यादीतून किंवा तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. वहीत सहा रकाने आख. एकेका कामासाठी ज्या ज्या रेपोला हात लावावा लागला, त्या रकान्यात फुली मार. ज्या दोन रकान्यांत फुल्या जोडीनं पडतात, त्यांच्यामधला धुरा चुकीच्या जागी आहे. एखादा रकाना कायम एकटाच फुली घेत असेल, तर तो वेगळा राहिला तरी कोणाचं अडत नाही. माझा अंदाज, काटा, सर्व्हर आणि 'कॉमन' यांच्या फुल्या जवळजवळ नेहमी सोबत येतील. ऑफिसचं वेबपेज कदाचित एकटं निघेल. तरी तेही मी आतच ठेवीन. तेच चौघं ते लिहितात, त्याच सर्व्हरशी ते बोलतं, आणि त्याला वेगळं ठेवून काय मिळतं ते मला सांगता येत नाही.

'मोठ्या कंपन्यांत असंच असतं' हे अर्धंच खरं आहे. ॲमेझॉन आणि नेटफ्लिक्समध्ये पुष्कळ रेपोंची पद्धत आहे, बरोबर. पण गूगलचा बहुतेक सगळा कोड एकाच रेपोत असतो. त्यांच्या अभियंत्यांनी २०१६ साली त्यावर लेख लिहिला. त्यातले जानेवारी २०१५ चे आकडे असे: सुमारे ८६ टेराबाइट, २०० कोटी ओळी, ९० लाख सोर्स फाइली, आणि त्यात काम करणारे २५ हजारांहून जास्त लोक. त्यासाठी त्यांनी पायपर नावाची स्वतःची यंत्रणा बांधली. मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये विंडोजचा कोड गिटच्या एका रेपोत आणला, साधारण ३०० जीबी आणि ३५ लाख फाइली. साधं गिट त्यापुढे टेकीला आलं, म्हणून वेगळी साधनं लिहावी लागली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, एकाच रेपोत नांदतो, आणि २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं ते त्या कर्नलच्या कामासाठीच.

म्हणजे मोठ्यांचे दाखले दोन्ही बाजूंनी देता येतात, आणि त्यातला एकही तुमच्या मापाचा नाही. तुमच्या जवळचं उदाहरण सेगमेंट या कंपनीचं आहे. तिथे १४० हून जास्त ठिकाणी डेटा पाठवायचे छोटे छोटे प्रोग्रॅम होते आणि प्रत्येकाचा रेपो वेगळा होता. सगळ्यांत लागणाऱ्या सामाईक लायब्रऱ्या होत्या. हळूहळू प्रत्येक रेपो त्या लायब्ररीच्या वेगळ्याच व्हर्जनवर अडकून बसला, कारण सगळीकडे नवीन व्हर्जन नेऊन तपासायला माणसं पुरेनात. शेवटी त्यांनी सगळं पुन्हा एका रेपोत आणलं आणि २०१८ मध्ये तो अनुभव मोकळेपणानं लिहिला. तुमच्या 'कॉमन'चं काय झालंय ते एकदा उघडून बघ. सर्व्हर एका व्हर्जनवर आणि पावत्यांचं काम त्याच्या आधीच्या व्हर्जनवर, असं निघालं तर मला नवल वाटणार नाही. एका रेपोत आल्यावर 'कॉमन'ला व्हर्जन नंबरच लागत नाही. फोल्डरमध्ये जे आहे तेच सगळे वापरतात. ते बदललं की सर्व्हरच्या आणि पावत्यांच्या टेस्ट तिथल्या तिथे चालतात, आणि काय मोडलं ते त्याच दिवशी कळतं.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली एक निरीक्षण मांडलं होतं: एखादी संस्था जी प्रणाली घडवते, तिची घडण त्या संस्थेतल्या माणसांच्या बोलाचालीसारखी होते. वीस वीस जणांचे वेगळे गट असतील, प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असेल, एकमेकांना न विचारता काम पुढे न्यायचं असेल, तर वेगळे रेपो त्यांना शोभतात. तुम्ही चौघं रोज एकमेकांशी बोलता. तुमच्या माणसांमध्ये नसलेल्या भिंती तुम्ही कोडमध्ये बांधल्या आणि मग त्या ओलांडत बसलात.

आता ते ४५४ रुपये.

आधी हिशेब मांडू. ओलावा १०.४ म्हणजे ८ च्या वर २.४. काट्यानं २.४ टक्के कापले, दर झाला ७,९१५.३६. ॲपनं जुन्या नियमानं २ टक्केच कापले, दर झाला ७,९४७.८०. क्विंटलमागे ३२.४४ रुपयांचा फरक, १४ क्विंटलला ४५४.१६. समज, त्या दिवशी तुमचा एकच रेपो असता, तू एकाच कमिटमध्ये काटा, सर्व्हर आणि ॲप तिन्ही सुधारले असते, तरी काकांच्या मोबाइलमध्ये जुनंच ॲप होतं. ते त्यांनी अपडेट केलं असतं कशावरून? नेटपॅक संपलेला असतो, मोबाइलमध्ये जागा नसते, अपडेट नातू आल्यावर करून देतो. कमिट एक झाली म्हणजे सगळीकडे एकाच वेळी पोचली, असं होत नाही. तुझा रेपो तुझ्या हातात आहे, काकांचा मोबाइल नाही.

म्हणून पहिलं काम: ॲपमधून हिशेबच काढून टाका. ॲपनं सर्व्हरनं दिलेला आकडा दाखवावा, बस. शेतकऱ्याला घरून अंदाज बघायचा असेल तर ॲपनं सर्व्हरला विचारावं. नेट नसेल तर 'सध्या अंदाज दाखवता येत नाही' असं स्वच्छ मराठीत सांगावं. चुकीच्या आकड्यापेक्षा ते कितीतरी बरं, कारण त्या आकड्यावर माणूस दुकानदाराला शब्द देऊन बसतो, पोराची फी कधी भरायची ते ठरवतो. आणि सर्व्हरनं जुन्या ॲपला उत्तर देणं एकदम बंद करू नये. नवीन माहिती जोडत जा, जुनी लगेच काढू नका. फारच जुनं ॲप असेल तर आकड्याऐवजी 'ॲप अपडेट करा' हा निरोप दाखवा.

काट्यावर हा मार्ग चालणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रांगेत तीस गाड्या उभ्या आहेत आणि नेट गेलं म्हणून काटा थांबवता येत नाही. म्हणजे हिशेब दोन ठिकाणी राहणार, काट्यावर सी शार्पमध्ये आणि सर्व्हरवर पायथनमध्ये. भाषा दोन असल्यानं एकच लायब्ररी दोघांना देता येत नाही. इथे एका रेपोचा खरा उपयोग होतो. 'नियम' नावाचा एक फोल्डर काढा. त्यात दोनच फाइली पुरतात. पहिलीत नियम साध्या आकड्यांत लिहा: कोणत्या तारखेपासून लागू, मूळ ओलावा किती, कमाल किती, किती दशांशापर्यंत धरायचं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीतही ८ टक्के हा पाया आणि १२ टक्के ही शेवटची मर्यादा असते, पण खासगी जिनिंगवाले आपापलं ठरवतात आणि मधेच बदलतातही. म्हणून हे आकडे कोडमध्ये पेरायचे नाहीत. काट्यावरच्या प्रोग्रॅमनं नेट असेल तेव्हा ही फाइल उतरवून घ्यावी. नियम लागू व्हायच्या चार-पाच दिवस आधीच तो काट्यावर पोचला असेल, तर त्या दिवशी नेट असलं काय, नसलं काय. आणि प्रत्येक पावतीवर कोणता नियम लावला त्याचा क्रमांक छापा. दोन महिन्यांनी कोणी पावती घेऊन आलं तर सर्व्हरनं आजच्या नियमानं हिशेब करू नये, त्या पावतीवरच्या नियमानंच करावा.

दुसरी फाइल उदाहरणांची. ओलावा इतका, वजन इतकं, दर इतका, तर चुकारा इतका. अशी वीस-पंचवीस उदाहरणं हातानं, कागदावर सोडवून लिहा. जिनिंगच्या मुनीमजींना सोबत बसवा, त्यांच्याकडून सही घेतलीत तर उत्तमच. बरोबर ८.० चं एक, ८.१ चं एक, १२.० चं एक, आणि १२.१ आला तर कापूस घ्यायचा नाही हेही एक. काट्याच्या टेस्टनी आणि सर्व्हरच्या टेस्टनी हीच फाइल वाचायची. दोन्हीकडून पैशापर्यंत तेच उत्तर आलं तरच मर्ज. वेगळ्या रेपोंत ही फाइल दोन ठिकाणी ठेवावी लागली असती, आणि पुढच्या हंगामात त्या दोन प्रतींत फरक पडला असता.

हे मी एवढ्या आग्रहानं सांगते त्याला एक कारण आहे. पायथनमध्ये २.५ पूर्णांकात आणायला सांगितलं की २ येतात. सी शार्पमधलं नेहमीचं फंक्शनही २ देतं. फ्लटरची जी डार्ट भाषा आहे, ती ३ देते. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण बरोबर मधोमध आलेला आकडा कुठे झुकवायचा याचे त्यांचे नियमच वेगळे आहेत. पहिल्या दोन भाषा जवळच्या सम संख्येकडे जातात, डार्ट शून्यापासून लांबच्या संख्येकडे. म्हणजे तुमच्या जुन्या पूर्ण टक्क्यांच्या नियमातही, पूर्णांक करायला ही तयार फंक्शनं वापरली असतील तर, १०.५ ओलाव्याला काटा आणि ॲप वेगळं बोलत असणार. कोणाच्या लक्षात आलं नाही एवढंच. म्हणून झुकवायचं कुठे, हे नियमाच्या फाइलीत शब्दांत लिहा आणि मधोमधचं उदाहरण जरूर घाला. रक्कम नेहमी डेसिमल (दशांश अचूक जपणाऱ्या) प्रकारात ठेवा, किंवा रुपयांऐवजी सरळ पैशांत, पूर्णांक म्हणून. सी शार्प आणि पायथन दोन्हींत डेसिमल आहे. डार्टमध्ये तो मुळात नाही, ॲपमधून हिशेब काढायचं हे आणखी एक कारण.

नेटबद्दल. तुझ्या मित्राची भीती खोटी नाही. गिटचा क्लोन मधेच तुटला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, अर्धवट उतरलेलं कामी येत नाही. पण आधी मोजा तरी. 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स' ही आज्ञा '-vH' जोडून प्रत्येक रेपोत चालवून खरा आकार बघा. चार माणसांनी टाइप केलेला नुसता कोड फार जड नसतो. जड असतात त्या एपीके (तयार ॲपच्या) फाइली, डेटाबेसचे बॅकअप, मोठे फोटो, कोणीतरी डेमोसाठी टाकलेला व्हिडिओ. त्यांची जागा रेपोत नाहीच. नंतर काढून टाकल्या तरी जुन्या इतिहासात त्या बसूनच राहतात आणि प्रत्येक क्लोनसोबत उतरतात.

एवढं करूनही पहिला क्लोन जड वाटला तर 'गिट बंडल' वापरा. यवतमाळला किंवा जिथे नेट चांगलं आहे तिथे एकानं पूर्ण रेपो क्लोन करावा, त्याचं बंडल बनवावं, म्हणजे सगळ्या इतिहासासकट एकच फाइल, आणि ती पेनड्राइव्हवर गावात आणावी. त्या फाइलीवरून क्लोन होतो. मग रिमोटचा पत्ता बदलून गिटहबचा टाकायचा. पुढे फक्त नवीन बदल उतरतात, तेवढं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही होतं. 'फाइली लागतील तशा उतरवू' असा अर्धा क्लोन करायची सोयही गिटमध्ये आहे, पण गावात ती वापरू नका. जुनी फाइल बघायला गेलं की ती नेट मागते, आणि नेमकं तेव्हाच ते नसतं. पूर्ण इतिहास जवळ असलेला बरा.

नागपूरच्या गृहस्थांचा रेपो वेगळा का, तर गिटहबवर वाचायची परवानगी पूर्ण रेपोची असते. एखादाच फोल्डर दाखव आणि बाकीचे झाक, असं होत नाही. कोडओनर्स नावाची फाइल असते, पण ती फक्त कोणाच्या संमतीशिवाय मर्ज होऊ नये एवढं ठरवते, काही लपवत नाही. हे मी ठेच लागून शिकले. नागपुरात मी ज्या छोट्या कंपनीत होते, तिथे बाहेरच्या एका मुलाला छपाईचा भाग लिहायला बोलावलं आणि सगळ्या रेपोची परवानगी मीच दिली. सर्व्हरच्या पासवर्डची फाइल आम्ही दोन वर्षांपूर्वी काढून टाकली होती, म्हणून मी निश्चिंत होते. चार दिवसांनी त्या मुलानंच फोन केला, 'मॅडम, जुन्या कमिटमध्ये तुमचे पासवर्ड दिसून राहिले, आणि ते अजून चालतात.' पोरगा प्रामाणिक होता. आम्ही ती रात्र सगळे पासवर्ड बदलण्यात घालवली, आणि तो प्रामाणिक नसता तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सोडत नाही. रेपो दाखवणं म्हणजे त्याचा सगळा भूतकाळ दाखवणं.

तेव्हा इंडिकेटरमधून वजन वाचायचा भाग स्वतंत्र रेपोत ठेवा. त्याची हद्दही स्वच्छ आहे: सिरियल पोर्टमधून आकडे येतात, आणि बाहेर वजन किती व ते स्थिर आहे की नाही एवढंच द्यायचं. कटती, दर, शेतकऱ्याचं नाव, यातलं काही त्याला लागत नाही. तुमच्या बाजूनं खोटी वजनं देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहून त्यांना द्या, म्हणजे त्यांना जिनिंगवर न येता तपासता येईल. त्यांच्या कामाचं ठरावीक व्हर्जन तयार पॅकेज म्हणून काट्यात घ्या. गिटच्या सबमॉड्यूलच्या, म्हणजे एका रेपोत दुसरा रेपो अडकवायच्या सोयीच्या, वाटेला मात्र जाऊ नका. ते एका ठरावीक कमिटला बांधलेलं असतं. क्लोन करताना वेगळा पर्याय द्यायचा राहिला की फोल्डर रिकामा येतो, आतला बदल पुश न करता (गिटहबवर न चढवता) बाहेरचा पुश झाला की दुसऱ्याचं बिल्ड मोडतं. चार माणसांच्या गटात कोणीतरी रोज त्यात अडकेल.

पुण्याच्या मित्राचं 'गोंधळ वाढेल' हे मी उडवून लावत नाही. एका रेपोत मुख्य ब्रँच मोडली की चौघांचंही काम थांबतं. म्हणून ब्रँच एक-दोन दिवसांपेक्षा जास्त जगू देऊ नका, आणि टेस्ट हिरव्या असल्याशिवाय मर्ज नाही. तो फक्त शनिवार-रविवारी असतो, तर त्याची तपासणी लागेल अशी कामं शुक्रवारी रात्री त्याच्यासाठी तयार ठेवा. गिटहबच्या फुकट खात्याला खासगी रेपोंतल्या टेस्ट आपोआप चालवायला महिन्याला एकूण २,००० मिनिटं मिळतात. ती पुरावीत म्हणून ॲप बदललं तर ॲपच्याच टेस्ट चालतील असं फोल्डरवरून ठरवता येतं. अट एकच, 'नियम' फोल्डर बदलला तर सगळ्यांच्या टेस्ट चालल्याच पाहिजेत. व्हर्जनचे टॅग भागाच्या नावानं लावा, काटा १.४, सर्व्हर २.१ असे. रेपो एक झाला म्हणून सगळं एकाच दिवशी गिऱ्हाइकाकडे न्यावं लागत नाही.

एकत्र आणायचं काम हंगामात करू नका. सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन वेचणी सुरू व्हायच्या आत, महिनाभर आधी तरी ते उरकलेलं असावं. सुरुवातीला सगळ्या अर्ध्या ब्रँच मर्ज करून टाका आणि सगळ्यांनी पुश करा. मग प्रत्येक रेपोच्या ताज्या क्लोनवर 'गिट फिल्टर-रेपो' हे साधन चालवा. ते गिटसोबत येत नाही, वेगळं बसवावं लागतं. त्यानं जुना सगळा इतिहास जणू पहिल्यापासून 'काटा' किंवा 'सर्व्हर' या फोल्डरमध्येच घडला असा लिहून मिळतो, जड फाइली गाळता येतात, आणि टॅगच्या नावांपुढे भागाचं नाव जोडता येतं. नाहीतर सहा रेपोंतले सहा '१.०' एकमेकांवर आदळतील. मग नव्या रिकाम्या रेपोत एकेक आणून मर्ज करा. असंबंधित इतिहास जोडायची परवानगी गिटला स्पष्ट द्यावी लागते. कमिटचे क्रमांक यात बदलतात, म्हणून जुने सहाही रेपो पुसू नका, गिटहबवर अर्काइव्ह करा. त्यात लिहिता येत नाही, वाचता येतं. इतिहासात पासवर्ड सापडले तर नुसते पुसून थांबू नका, ते बदला. शेवटी बहिणीच्या लॅपटॉपवर सगळं नव्यानं उतरवून काट्यापासून पावतीपर्यंत एक पूर्ण फेरी चालवा. ती फेरी नीट झाली की मगच जुनं बंद.

पुण्याच्या मित्राशी हे बोलताना फुल्यांची ती वही सोबत ठेव. त्यानं वाईट हेतूनं सांगितलेलं नाही, तो जिथे बसतो तिथे त्याचं म्हणणं खरं असेल. पुढे तुमची माणसं वीस झाली, ॲपचा गट वेगळा बसू लागला, तर तेव्हा एक धुरा घालता येईल. फोल्डर स्वच्छ ठेवलेत तर त्याच फिल्टर-रेपोनं एखादा भाग इतिहासासकट वेगळाही निघतो.

काकांना नंतर हिशेब समजावून सांगितला का, ते पत्रात नाही. नसेल तर या आठवड्यात त्यांच्या घरी जा. ओलाव्याचा आकडा, २.४ टक्के, क्विंटलमागे १९४.६४ रुपये, असं कागदावर त्यांच्यासमोर मांड, आणि मोबाइलवरचा आकडा आमच्या चुकीनं जास्त दिसला हे तोंडानं कबूल कर. जमत असेल तर ४५४ रुपये तुम्ही चौघांनी मिळून द्या. आणि उदाहरणांच्या फाइलीत पहिली ओळ त्यांच्याच पावतीची घाल: ओलावा १०.४, वजन १४ क्विंटल, दर ८,११०, चुकारा १,१०,८१५.०४.

तुझी ताई